रुमालावरचा गरुड: कैदेत पूर्वज कामाला येतात का?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण गेला महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मी सात वर्षं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला राहते. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. हात धुवायला आत गेले, तर बोळकांडीत भिंतीवर एक फ्रेम. आत साधा पांढरा पुरुषी रुमाल आणि त्यावर बॉलपेनने काढलेलं चित्र. इतकं बारीक, की मी ओले हात तसेच धरून उभी राहिले. मधोमध पंख पसरलेला गरुड, त्याच्यामागे ती प्रसिद्ध गोल अ‍ॅझ्टेक सूर्यशिळा, डावीकडे पिसांचा मुकुट घातलेला योद्धा, उजवीकडे ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकोत पुजली जाणारी मेरी. सावल्यांना तपकिरी रंग दिलाय, तो कॉफीचा. खाली उजव्या कोपऱ्यात दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यावर तीन ठिपके, अशी छोटी नक्षी.

सहकारी मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबांनी काढलंय. कॅलिफोर्नियात आत होते तेव्हा."

याला पान्यो म्हणतात. स्पॅनिशमध्ये नुसता कापडाचा तुकडा किंवा रुमाल. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या तुरुंगांत मेक्सिकन वंशाचे कैदी १९३०-४०च्या दशकांपासून हे काढत आलेत. तुरुंगातून मिळालेला रुमाल, तो नसेल तर चादरीचा किंवा उशीच्या अभ्र्याचा चौकोन. पत्राच्या पाकिटात मावतो, घरी जातो.

सहकाऱ्याचे वडील आठवीत शाळा सोडलेले. शेतमजुराचं पोर. पुढे चोऱ्या, मग हाणामारी, मग नऊ वर्षं आत. सहकारी म्हणाला ते असं: "आत गेल्यावर त्यांना कळलं, की आपल्या लोकांनी एके काळी तळ्याच्या मधोमध शहर उभं केलं होतं. तोवर त्यांना वाटायचं, आपण म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली वाकलेली पाठ."

माझा प्रश्न असा. ज्याला आजचा दिवस ढकलता येत नाही, त्याला पाचशे वर्षांपूर्वीचं शहर खरंच उभं करतं का? की ती नुसती गुंगी?

खारीबिस्कीट
पहिला!
जेवायला काय होतं ते लिहिलं नाहीत. धागा अपूर्ण आहे.

रानमोगरा
@खारीबिस्कीट, पोसोले. मक्याचे फुगलेले दाणे, डुकराचं मटण आणि लाल मिरचीचा रस्सा. आता विषयावर बोला.

पेठेतला_पाहुणा
उत्तम विषय. थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

तळ्यातलं शहर म्हणजे तेनोच्तित्लान, अ‍ॅझ्टेकांची राजधानी, आजच्या मेक्सिको सिटीच्या पोटात. स्थापना परंपरेने १३२५, स्पॅनिशांच्या हातून पाडाव १३ ऑगस्ट १५२१. शेवटची लढत शेजारच्या त्लातेलोल्कोला झाली. तिथे क्वाउतेमोक हा शेवटचा राजा पकडला गेला, त्याचे पाय जाळून सोन्याचा ठावठिकाणा विचारला आणि १५२५ साली त्याला फाशी दिलं. रुमालावरचा मुकुटवाला बहुधा तोच असावा. सूर्यशिळा १७९० साली मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकाम करताना सापडली. साधारण चोवीस टन वजन. म्हणजे दोन शतकांहून जास्त काळ ती पायांखालीच होती.

पण कॅलिफोर्नियातल्या कैद्याशी याचा संबंध काय? तो जुळतो १८४८च्या तहाने. अमेरिकेशी युद्ध हरल्यावर मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला, त्यातच कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको वगैरे. तिथले लोक बसल्या जागी परदेशी झाले. "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेने आम्हाला ओलांडलं" असं चिकानो, म्हणजे अमेरिकेतली मेक्सिकन वंशाची मंडळी, म्हणतात ते यावरून. १९६९ साली डेन्व्हरला त्यांच्या तरुणांची मोठी परिषद झाली, तिथे या गमावलेल्या मुलखाला आस्त्लान म्हणायचं ठरलं. आस्त्लान म्हणजे अ‍ॅझ्टेकांची दंतकथेतली मूळ भूमी. हे वारं तुरुंगाच्या भिंतींवरूनही आत गेलं. रानमोगरा यांच्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या हाती जे लागलं ते याच लाटेतलं.

शंकासूर
पाहुण्यांनी सगळं सांगितलं, एक सोडून. तेनोच्तित्लान एकट्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने पाडलं नाही. त्याच्या बाजूने त्लाश्काला या शेजारच्या राज्याचे हजारो लोक लढले, कारण अ‍ॅझ्टेकांचा जाच त्यांना नकोसा झाला होता. आज कॅलिफोर्नियात असलेल्या मेक्सिकन माणसाचा पूर्वज अ‍ॅझ्टेक असेल, त्लाश्कालाचा असेल, उत्तरेकडच्या वाळवंटातला कुणी असेल किंवा स्पॅनिश शिपाईही असेल. बहुतेक वेळा सगळ्यांचीच भेळ. पण रुमालावर कोण येतो? मुकुटवाला राजा. त्या राजाची पालखी उचलणारा कुणाच्याच रुमालावर दिसत नाही.

आपल्याकडेही हेच. प्रत्येकाचा खापरपणजोबा पानिपतावर होता. मग घरी थांबलं तरी कोण होतं?

इतिहासातून बळ मिळतं ते असं खोटं असेल, तर ते बळ कसलं? तो नशाच.

काळा_चष्मा
शंकासूर यांना मोदक.

खारीबिस्कीट
पानिपतावरच्या गर्दीचं खरं कारण आज कळलं. हसून हसून पुरेवाट.

विदर्भवारा
शंकासूर, मुद्दा कळला, पण तुम्ही दुसरंही टोक बघा. पांचो व्हिया घ्या. दरोडेखोर ते मेक्सिकन क्रांतीतला सेनापती. १९१२ साली त्याला मेक्सिको सिटीत कैदेत टाकलं, तेव्हा त्याला लिहिता-वाचता जेमतेम यायचं. त्याच तुरुंगात गिल्दार्दो मागान्या नावाचा, सापाता या शेतकरी क्रांतिनेत्याच्या बाजूचा माणूस होता, त्याने त्याला वाचायला शिकवलं. पुढे दुसऱ्या तुरुंगात हलवल्यावर बेर्नार्दो रेयेस या कैदेतल्याच जनरलने त्याला देशाचा इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. सरकारी जनरल आणि दरोडेखोर, दोघंही आत, आणि शिकवणी चालू! डिसेंबरात व्हिया पळालाही.

गंमत म्हणजे हा दुसरा तुरुंग कुठला? सांतियागो त्लातेलोल्को. पाहुण्यांनी वर सांगितलं तेच त्लातेलोल्को, जिथे क्वाउतेमोक पकडला गेला. आता तिथल्या चौकात एक शिळालेख आहे: १३ ऑगस्टला जे झालं तो ना विजय होता ना पराभव, तो आजच्या मेक्सिकोच्या संमिश्र लोकांचा वेदनामय जन्म होता, अशा अर्थाचा. म्हणजे शंकासूर म्हणतात ती भेळ त्यांनी स्वतःच दगडात कोरून ठेवलीय.

अवांतर: मेक्सिको म्हटलं की आम्हा वैदर्भीयांना आपले खानखोजे आठवायलाच हवेत. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे, परदेशातून स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना, तर १९२४ साली मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात घेतलंय, मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत. शेवटी नागपुरात वारले, १९६७ साली. आमच्या पिढीला शाळेत कुणी एक ओळ सांगितली नाही.

कोकणकन्या
अवांतरात भर. मेक्सिकोत मृतांच्या दिवसाला पूर्वजांसाठी वेदी मांडतात, तिच्यावर ढिगाने जी पिवळीधम्मक फुलं असतात तो आपला झेंडू. मूळचा तिथलाच. अ‍ॅझ्टेकांच्या नावात्ल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ "वीस फूल", म्हणजे भरपूर पाकळ्यांचं. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगिजांच्या गलबतांतून इकडे आली. आमच्या गोव्यात तर आता कुणाला सांगून पटत नाही, की पाचशे वर्षांपूर्वी हुमणात मिरची नव्हती. दसऱ्याला दाराला तोरण बांधताना दरवेळी वाटतं, हे फूल तिथे मेलेल्यांना वाट दाखवतं आणि इथे लक्ष्मीला.

खारीबिस्कीट
म्हणजे मिसळीचे पूर्वज अ‍ॅझ्टेक आहेत. कोल्हापूरकर ऐकताय ना?

सॅनहोजेचा_सुदाम
उशिरा आलो, पण इथे थोडं अनुभवाने बोलू शकतो. मी कॅलिफोर्नियाच्या तुरुंगखात्यात अकरा वर्षं फार्मसिस्ट होतो. कुठल्या तुरुंगात ते राहू दे.

रानमोगरा, त्या कोपऱ्यातल्या नक्षीबद्दल. सांगू की नको, असा दोन दिवस विचार केला. दोन आडव्या रेघा म्हणजे पाच आणि पाच, वर तीन ठिपके. माया या तिथल्याच दुसऱ्या प्राचीन लोकांचे अंक आहेत ते. तेरा. इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर 'एम'. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत तेरा म्हणजे मेक्सिकन माफिया आणि तिच्या छत्राखालच्या दक्षिणेकडच्या टोळ्या. ही संघटना १९५७ साली ट्रेसीच्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात सुरू झाली. उत्तरेकडच्यांची वेगळी, त्यांचा आकडा चौदा. दोघांचे पूर्वज एकच, सूर्यशिळा एकच, गरुड तोच. आणि एकमेकांना भोसकतात.

म्हणून शंकासूर म्हणतात त्यात तथ्य आहे. मी औषधाच्या खिडकीतून रोज हात बघायचो. नावात्लमधले शब्द, पिसांचे मुकुट, माया अंक. कुणासाठी ते देवघर होतं आणि कुणासाठी गणवेश. खिडकीतून बघून फरक कळायचा नाही.

पण पुढचा भागही ऐका. तुरुंगखात्यालाही फरक कळत नव्हता, आणि त्याने कळून घ्यायचे कष्टही घेतले नाहीत. पेलिकन बे नावाचा तुरुंग १९८९ साली उघडला, त्यात खिडकी नसलेल्या एकांतकोठड्या. टोळीवाला असा शिक्का बसला की तिथे रवानगी, मुदत ठरलेली नाही. आणि शिक्का बसायला पुरावा काय चाले? अ‍ॅझ्टेक चित्र. नावात्ल शब्द. म्हणजे एखादा पोरगा खरोखर आजीची भाषा शिकत असेल, तरी त्याच्या वहीचं पान त्याच्याच फाइलला लागायचं. कित्येक जण दहा-दहा, वीस-वीस वर्षं तिथे होते. २०११ आणि २०१३ साली उपोषणं झाली. २०१३च्या उपोषणाला राज्यभर सुरुवातीला सुमारे तीस हजार कैदी बसले होते. त्यानंतर २०१५च्या तडजोडीत नुसत्या टोळीच्या शिक्क्यावर बेमुदत एकांत देणं बंद झालं.

एक आठवण. साठीचा एक कैदी रक्तदाबाची गोळी घ्यायला यायचा. एकदा त्याने विचारलं, तुम्ही घरी काय खाता? मी म्हटलं, टोमॅटोची आमटी. तर म्हणाला, "टोमॅटो माझा शब्द आहे. चॉकलेट पण माझा. तू रोज माझी भाषा खातोस." आणि गोळी गिळून गेला. त्यानंतर महिनाभर मला तो रोज एक शब्द सांगायचा. आता आठवतात त्यातले चारच.

रानमोगरा
@सुदाम, वाचून पोटात गोळा आला. मी त्याला नक्षी समजत होते. आता सहकाऱ्याला विचारू की नको?

शंकासूर
विचारू नका. माझं म्हणणं सिद्ध झालं तरी विचारू नका. कुणाच्या बापाबद्दल आहे.

पेठेतला_पाहुणा
थांबा, घाई नको. तेरा हा आकडा टोळीच्या आधीपासून तिथल्या पंचांगाचा आहे. त्यांचं धार्मिक वर्ष २६० दिवसांचं, तेरा गुणिले वीस. शिवाय तेनोच्तित्लान पडलं तो दिवसही तेरा ऑगस्ट. रुमालावर सूर्यशिळा असताना तेरा येणं स्वाभाविक आहे.

सॅनहोजेचा_सुदाम
पाहुणे, तुमचं पंचांग बरोबर आहे. पण कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात बसून तेरा काढणाऱ्याला ते कसं वाचलं जाईल हे माहीत नसतं, असं होत नाही.

निवृत्त_मास्तरीण
मला मेक्सिकोतलं काही कळत नाही, तुरुंगातलं थोडं कळतं. महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहात स्त्रियांच्या बराकीत मी सहा वर्षं साक्षरता वर्ग घेतला. पक्क्या कैदी कमी, कच्च्याच जास्त. तारखेवर तारीख, मुलाखतीला कुणी येत नाही, वकील बदलतात. दिवस म्हणजे गिनती ते गिनती.

एक बाई होती, मराठवाड्यातली, चाळिशीची. अक्षर गिरवायला तयार नव्हती. एकदा मी सहज विचारलं, गाणी येतात का? तर जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या, थांबेचना. आजीकडून आलेल्या. मी म्हटलं, सांग, मी लिहून घेते. लिहिता लिहिता एक शब्द मला चुकलेला वाटला, तो मी सुधारला. वाचून दाखवल्यावर बाई अशी भडकली! "हे माझ्या आजीचं हाय. ह्यात तुमची दुरुस्ती चालायची न्हाई." बराकीत इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कुणावर तरी आवाज चढवून बोलली होती. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली, म्हणाली मलाच शिकवा, मी लिहिते, तुमचा भरवसा नाही.

शंकासूर, तिची आजी राणी नव्हती. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. तेव्हा मुकुटाशिवायही काम होतं.

काळा_चष्मा
मास्तरीणबाई, टोपी उतरवली आहे.

अनघड
शंकासूर यांच्या पानिपताच्या विनोदावर मी हसलो नाही. कारण सांगतो.

ज्याच्या घरी वंशावळ फडताळात ठेवलेली असते, त्याला पूर्वजांचा अभिमान चैनीचा वाटणारच. ज्याच्या पूर्वजांचं नाव कुणी कुठे लिहिलंच नाही, त्याने काय करायचं? बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते उगाच नाही. दगडावर आपल्या लोकांची नावं कोरलेली होती. ती लढाई कुणाच्या बाजूने, कुणाविरुद्ध, यावर लोक आजही वाद घालतील, घालू देत. पण "तुम्ही कधी काहीच नव्हतात" असं ज्याला हजार वर्षं सांगितलं जातं, त्याला एक नाव पुरतं. तो कैदी आठवीत शाळा सोडून शेतात गेला, त्यालाही सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. त्याने तळ्यातलं शहर धरलं. तुम्ही त्याला नशा म्हणता.

संपादक मंडळ
कोरेगाव आणि पानिपत यांवर स्वतंत्र धागे आहेत. चर्चा मूळ विषयाजवळ ठेवावी. तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

शंकासूर
@अनघड, मान्य. विनोद चुकीच्या जागी झाला. पण मूळ शंका तशीच आहे: नाव पुरतं हे खरं, तर मग ते खरं नाव असू दे ना. उसना राजा कशाला?

विदर्भवारा
पानिपतावर शेवटचं, मग गप्प. बलुचिस्तानातले मराठा बुगटी सांगतात, की आम्ही पानिपतानंतर कैद करून नेलेल्यांचे वंशज. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, भाषा गेली, धर्म बदलला, नाव तेवढं उरलं. कैदी आणि पूर्वज या विषयाला इतकं जवळचं उदाहरण सोडवेना. संपादक, क्षमस्व.

अक्षरवेडी
@शंकासूर, तुमच्या शंकेला चिकानो कैद्यांनी स्वतःच उत्तर दिलंय असं मला वाटतं. मी या कवींवर थोडं काम केलंय. त्यांच्या बोलीत तुरुंगातल्या माणसाला पिंतो म्हणतात, आणि पिंतो कविता असा एक प्रवाहच आहे.

राउल सालिनास हा त्यातला एक. टेक्ससचा, ऑस्टिनमध्ये वाढलेला. कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या केंद्रीय तुरुंगात असताना त्याने आणि इतर चिकानो कैद्यांनी १९७० साली स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. नावातच आस्त्लान! आत संस्कृती-इतिहासाचा वर्गही चालवला. म्हणजे पाहुणे म्हणतात ते वारं यांनी नुसतं अंगावर घेतलं नाही, तुरुंगातून बाहेरही सोडलं. पण सालिनासची सर्वांत गाजलेली कविता क्वाउतेमोकवर नाही. ती आहे त्याच्या लहानपणच्या गरीब वस्तीवर, जी पुढे पाडून टाकली. गल्ल्या, खेळ, मित्र, कोण कुठे गेलं, कोण मेलं. कोठडीत बसून त्याने गल्लीन् गल्ली परत बांधली. सुटल्यावर ऑस्टिनमध्ये पुस्तकांचं दुकान काढलं, २००८ साली वारला.

योगायोग बघा: याच लेव्हनवर्थमध्ये १९२२ साली रिकार्दो फ्लोरेस मागोन वारला होता, मेक्सिकन क्रांतीच्या आधीपासून लिहीत आलेला बंडखोर संपादक. सालिनास आणि मंडळींना आपला पूर्वज शोधायला अ‍ॅझ्टेकांपर्यंत जायची गरजच नव्हती, तो त्याच इमारतीत होता. आणि विदर्भवारा, तुमच्या खानखोज्यांचे गदरमधले सहकारी तारकनाथ दासही पहिल्या महायुद्धानंतर याच तुरुंगात होते.

दुसरा जिमी सांतियागो बाका. रानमोगरा, हा तुमच्या न्यू मेक्सिकोचा, जन्म १९५२. आईबापांनी टाकलेला, अनाथाश्रमातून पळालेला. अ‍ॅरिझोनात फ्लॉरेन्सच्या तुरुंगात लिहा-वाचायला शिकला आणि आज मोठा कवी आहे. त्याच्या आठवणींत दोन गोष्टी आहेत. एक, चिकानो इतिहासाचं चित्रांचं पुस्तक. नीट वाचता येत नव्हतं, पण चित्रांतले चेहरे आपल्यासारखे आहेत हे दिसलं. दुसरी, एकांतकोठडीची. काम करायला नकार दिला म्हणून कोंडलं, तेव्हा तो मनाने आजी-आजोबांच्या गावी, एस्तान्सियाला जायचा आणि तिथले दिवस पुन्हा जगायचा. त्या काळोखात त्याला सोबतीला आजोबा होते.

तर राजा दारातून आत घेतो असं म्हणा हवं तर. पुढे घरात माणूस आपल्या आजोबांपाशीच जाऊन बसतो.

शंकासूर
@अक्षरवेडी, यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. दोन दिवस द्या.

खारीबिस्कीट
नोंद करून ठेवा. या संस्थळावर शंकासूर पहिल्यांदाच गप्प बसले आहेत.

तिखटमीठ
एक कुणीच विचारत नाहीये ते विचारते. रुमाल काढणाऱ्या या माणसाने ज्याला मारहाण केली, ज्याच्या घरी चोरी केली, त्यांचं काय? त्यांनाही पूर्वज असतील. त्यांच्यासाठी रुमाल कोण काढणार? माझ्या सख्ख्या काकांवर रात्री हल्ला झाला होता, उजवा हात कायमचा गेला. करणारा आत जाऊन भजनी मंडळात पेटी वाजवायला शिकला, पेपरात फोटो आला. काकूने तो पेपर बंबात घातला. दिवे घेऊ नका, गंभीरपणे लिहितेय.

निवृत्त_मास्तरीण
@तिखटमीठ, याला माझ्याकडे उत्तर नाही. वर्गात शिकवताना मी कुणाला "काय केलंस" हे कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर शिकवता आलं नसतं. ते बरोबर होतं की पळवाट, हे मला आजही ठरवता येत नाही.

सॅनहोजेचा_सुदाम
+१. आम्हीही गोळ्या देताना फाइल वाचत नसू.

झोपाळू
वाचनखूण साठवली. डॅनी ट्रेहोबद्दल कुणीच कसं बोललं नाही? तो चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं असलेला हॉलिवूडचा खलनायक. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात मुष्टियुद्धाचा विजेता होता. छातीभर जे गोंदण आहे, भली मोठी मेक्सिकन टोपी घातलेली बाई, ते तुरुंगातलंच. १९६९ साली सुटला. त्याच्याही अंगावर राजा नाही, बाईच आहे.

खारीबिस्कीट
गोंदणातली बाई कोण हे बायकोला कसं समजावलं असेल हा खरा संशोधनाचा विषय.

रानमोगरा
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. धागा खाली गेला होता, वर काढते.

मी विचारलं नाही. त्यानेच काढला विषय. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसलो होतो. मी म्हटलं, तुझ्या वडिलांचा तो रुमाल अजून डोळ्यांपुढून जात नाही. थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "कोपऱ्यातलं बघितलंस का?" मी मान हलवली. म्हणाला, "हो, तेच आहे. त्या वर्षी बाबा त्यांच्यातच होते. म्हणून आई तो दिवाणखान्यात लावू देत नाही. बोळातच."

सुदाम, तुमचं बरोबर होतं. पाहुणे, माफ करा.

मग त्याने दुसऱ्या रुमालाचं सांगितलं. हा मला माहीतच नव्हता. पहिल्यानंतर पाच वर्षांनी काढलेला. मी तो मागच्या रविवारी बघितला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, घडी करून, मऊ कागदात. यावर गरुड नाही, शिळा नाही, योद्धा नाही. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावाकडचं एक मातीच्या विटांचं घर आहे, आजीचं. भिंतीला मिरच्यांच्या माळा टांगल्यात, इथेही हिवाळ्यात टांगतात तशा. कुंपणावर एक कोंबडी, तिचं प्रत्येक पीस वेगळं काढलंय. आणि चारही कडांनी बॉर्डर म्हणून नावं लिहिलीत. त्याच्या बाबांनी आतून आपल्या आत्याला पत्रं लिहिली होती: माझ्या आजोबांचा बाप कोण, त्याचा बाप कोण, कुठून आले. आत्या जमेल तशी उत्तरं पाठवायची. एका पत्राला उत्तर यायला सात-आठ महिने लागले, कारण ती कुठल्याशा गावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारून आली. सात नावं आहेत. सातव्यानंतर बॉर्डरची जागा रिकामी आहे, तिथे फक्त एक ठिपका. आत्याने लिहिलं होतं, याच्यापुढे कुणालाच माहीत नाही.

टोळीतून बाहेर पडणं त्या दोन रुमालांच्या मधल्या काळात झालं. त्याबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिखटमीठ, तुमचा प्रतिसाद मी त्याला सांगितला. तो म्हणाला, बाबांनी ज्याला मारलं त्याचं नाव आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. एवढंच म्हणाला.

तिखटमीठ
वाचलं. सांगितलंत, बरं केलंत.

शंकासूर
दोन दिवस मागितले होते, तीन आठवडे घेतले. सात खरी नावं आणि पुढे प्रामाणिकपणे रिकामी जागा, यावर मला काहीच म्हणायचं नाही. पण एक निरीक्षण नोंदवतो: मुकुटवाला राजा अजून फ्रेममध्ये आहे आणि आजीची कोंबडी बिस्किटांच्या डब्यात.

रानमोगरा
@शंकासूर, डबा त्याच्या आईच्या उशाशी असतो.

खारीबिस्कीट
कोंबडीला माझा नमस्कार सांगा. आणि पोसोलेची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका, इथे उद्या कुणाला सापडायची नाही.